पिसलेली गाणी आणि यदृच्छा

पत्त्यांचा डाव मांडण्यापूर्वी जोड पिसावा लागतो. पिसणाऱ्याच्या हातांकडे इतर खेळाडू बारकाईने पाहत असतात. आणि एखाद्याला लागोपाठ दोन-तीन डाव चांगली पाने आली, की पत्ते नीट पिसले गेले नाहीत अशी कुरकूर सुरू होते. गेल्या वीसेक वर्षांत हीच कुरकूर एका निर्जीव पिसणाऱ्याविषयी ऐकू येऊ लागली आहे. संगीत वाजविणाऱ्या साधनांत साठविलेली गाणी नेहमीच्या क्रमाने न लावता उलटसुलट क्रमाने ऐकविण्याची एक सोय असते. पिसणे ह्या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून तिला ‘शफल’ म्हणतात. मोबाइलवर गाणी ऐकणाऱ्या बहुतेकांना ही सोय परिचित आहे, आणि तिच्याविषयीच्या तक्रारीही. एकाच गायिकेची तीन गाणी लागोपाठ का लागतात? काही गाणी दररोज भेटतात आणि काही महिना महिना दर्शन देत नाहीत, हे कसे? यंत्राला काही गाणी विशेष आवडतात की काय?

ह्या तक्रारींत दोन निराळे प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. यंत्र गाणी कोणत्या रीतीने पिसते, हा एक. आणि गाणी खरोखर निष्पक्षपणे पिसली, तर त्यांचा क्रम दिसावयास कसा असेल, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर यंत्र घडविणाऱ्यांकडून मिळते. दुसऱ्याचे मात्र गणिताकडूनच मिळू शकते, आणि ते न शोधताच बहुतेक लोक यंत्रावर आरोप ठेवतात.

निष्पक्ष पिसणे म्हणजे काय

तीन गाणी सहा निरनिराळ्या क्रमांनी लावता येतात. दहा गाण्यांचे क्रम ३६,२८,८०० होतात, आणि वीस गाण्यांच्या क्रमांची संख्या लिहावयाची तर २४३ ह्या आकड्यापुढे सुमारे सोळा शून्ये मांडावी लागतात. ह्या सर्व क्रमांपैकी प्रत्येक क्रम येण्याची संभाव्यता अगदी सारखी असेल, तरच ते पिसणे निष्पक्ष, अथवा शास्त्रीय भाषेत यादृच्छिक, म्हणावयाचे. ह्या व्याख्येत एक गोष्ट नाही, तिच्याकडे वाचकाने लक्ष द्यावे. मिळालेला क्रम विस्कळीत दिसला पाहिजे, अशी अट तीत कोठेही नाही. गाणी ज्या क्रमाने मूळ ध्वनिमुद्रिकेवर होती तोच क्रम पिसल्यानंतर पुन्हा आला, तरी तो इतर कोणत्याही क्रमाइतकाच कायदेशीर आहे. यादृच्छिकता हा क्रम काढण्याच्या रीतीचा गुण आहे; निघालेल्या क्रमाच्या रूपाचा नव्हे.

येथेच आणखी एक भेद स्पष्ट करणे इष्ट होईल. पेटीत शंभर गाण्यांच्या चिठ्ठ्या टाकल्या आणि काढलेली चिठ्ठी दर वेळी पुन्हा पेटीत टाकली, तर तेच गाणे पुन्हा निघू शकते. किंबहुना ते अपेक्षेपेक्षा फार लवकर निघते: अशा तेरा चिठ्ठ्या काढल्या, तर त्यांत निदान एका गाण्याची पुनरावृत्ती होण्याची संभाव्यता सुमारे ५६ टक्के असते. पिसण्यात तसे होत नाही. काढलेली चिठ्ठी बाजूस ठेवली जाते, म्हणून यादी संपेपर्यंत कोणतेही गाणे दुसऱ्यांदा लागत नाही. परंतु शंभर गाण्यांची यादी एका बैठकीत कोण संपवितो? समजा, एखादा श्रोता रोज नव्याने पिसून पहिली दहाच गाणी ऐकतो. काल ऐकलेल्या दहांपैकी निदान एक गाणे आजच्या दहांत येण्याची संभाव्यता ६७ टक्के आहे. म्हणजे सरासरीने तीन दिवसांपैकी दोन दिवस त्यास कालचे एखादे गाणे भेटणारच. यंत्राच्या ‘आवडत्या’ गाण्यांचा बराचसा उलगडा एवढ्यानेच होतो.

शेतापासून संगणकापर्यंत

पिसण्याची शुद्ध रीत संगीतासाठी शोधली गेली नाही. इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथील शेतकी संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर १९१९ ते १९३३ पर्यंत काम करीत होते. खते आणि बियाणे ह्यांची तुलना करताना कोणत्या वाफ्यात कोणते खत घालावयाचे हे संशोधकाने स्वतः ठरविले, तर नकळत चांगली जमीन त्याच्या आवडत्या खताच्या वाट्यास जाते. म्हणून वाफ्यांची वाटणी यदृच्छेवर सोपवावी, असे फिशर ह्यांचे प्रतिपादन होते. भारतातही हा विचार लवकर रुजला. प्रशांतचंद्र महालनोबिस ह्यांनी १९३७ सालापासून बंगालमधील तागाच्या लागवडीची जी पाहणी केली, तीत पाहावयाचे भूखंड यादृच्छिक रीतीनेच निवडले जात असत.

फिशर आणि त्यांचे सहकारी फ्रँक येट्स ह्यांनी १९३८ साली संख्याशास्त्रीय कोष्टकांचे एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात पिसण्याची रीत सांगितली आहे, ती अशी. वस्तूंचे क्रमांक एका ओळीत लिहावेत. जितके क्रमांक शिल्लक असतील तितक्यांतून एक यादृच्छिक संख्या निवडावी. तितकावा शिल्लक क्रमांक खोडून दुसऱ्या ओळीत उतरवावा. आणि सर्व क्रमांक संपेपर्यंत हेच करीत जावे. चिठ्ठ्या काढण्याचेच हे कागदावरील रूप होय. रिचर्ड डर्स्टेनफेल्ड ह्यांनी १९६४ साली ह्या रीतीस संगणकास सोयीचे रूप दिले. त्यात दुसरी ओळ लागत नाही. निवडलेली वस्तू शिल्लक ओळीतील शेवटच्या वस्तूशी अदलाबदल करून जागच्या जागी बसविली जाते. लाखभर गाण्यांची यादीही अशा रीतीने क्षणार्धात पिसून होते.

रीत सोपी असली तरी तीत चूक करणे त्याहून सोपे आहे. ‘शिल्लक असलेल्यांतून’ निवडण्याऐवजी प्रत्येक पायरीस ‘सर्वांतून’ निवडून अदलाबदल केली, तर वरवर पाहता पिसणे अधिकच जोरदार झाले असे वाटेल. तीन गाण्यांवर हे करून पाहावे. प्रत्येक पायरीस तीन पर्याय, अशा तीन पायऱ्या. म्हणजे एकंदर २७ वाटा. क्रम मात्र सहाच. २७ स सहाने नि:शेष भाग जात नाही, त्यामुळे सर्व क्रमांच्या वाट्यास सारख्या वाटा येणे शक्यच नाही. प्रत्यक्ष मोजले असता तीन क्रमांकडे प्रत्येकी पाच वाटा जातात आणि उरलेल्या तीन क्रमांकडे प्रत्येकी चार. म्हणजे एकही आकडा चुकीचा न निघता पिसणे पक्षपाती झाले. हा पक्षपात डोळ्यांस दिसत नाही. तो मोजूनच सापडतो.

यंत्राची यदृच्छा

रीत बिनचूक असली तरी तीत लागणाऱ्या यादृच्छिक संख्या आणावयाच्या कोठून, हा प्रश्न राहतोच. संगणक हे आज्ञाधारक यंत्र आहे. तेच आकडे आणि तीच आज्ञा दिली, तर तेच उत्तर देणे हा त्याचा धर्म. त्याच्याकडून लहरीपणाची अपेक्षा करणे विसंगत वाटेल. तथापि लहरीपणाचे सोंग त्यास चांगले वठविता येते. डी. एच. लेमर ह्यांनी १९४९ साली सुचविलेल्या रीतीच्या जातीचे एक छोटे उदाहरण वर्गात फळ्यावर करून पाहण्यासारखे आहे. एक संख्या घ्यावी, तिला ५ ने गुणावे, ३ मिळवावेत, आणि १६ ने भागून केवळ बाकी ठेवावी. आलेल्या बाकीवर पुन्हा हीच क्रिया करावी. ७ पासून आरंभ केल्यास पुढील माळ मिळते: ७, ६, १, ८, ११, १०, ५, १२, १५, १४, ९, ०, ३, २, १३, ४, आणि पुन्हा ७. शून्य ते पंधरा ह्या सोळाही संख्या एकेकदा येऊन गेल्या, आणि नियम ठाऊक नसलेल्यास पुढची संख्या कोणती हे सहज सांगता यावयाचे नाही. नियम ठाऊक असलेल्यास मात्र ह्यात यदृच्छा म्हणून काही नाहीच. अशा संख्यांना आभासी यादृच्छिक संख्या म्हणतात, आणि माळेच्या आरंभाच्या संख्येस तिचे बीज.

प्रत्यक्षात वापरल्या जाणाऱ्या माळा ह्याहून फार लांब असतात. माकोतो मात्सुमोतो आणि ताकुजी निशिमुरा ह्या जपानी गणितज्ञांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेली एक रीत पुष्कळ संगणकीय भाषांत रूढ झाली. तिची माळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होण्यापूर्वी येणाऱ्या संख्यांची गणतीच ६,००२ आकडी आहे. पण माळ कितीही लांब असली तरी बीज लहान असेल तर काय होते, ते पाहणे उद्बोधक आहे. बीजासाठी ३२ द्विमान अंकांची जागा ठेवली, तर निरनिराळी बीजे ४,२९,४९,६७,२९६ इतकीच होतात, आणि एका बीजापासून एकच क्रम निघतो. बारा गाण्यांचे क्रम ४७,९०,०१,६०० आहेत. तेथवर बीजे पुरतात. तेरा गाण्यांचे क्रम ६,२२,७०,२०,८०० होतात, आणि बीजे अपुरी पडतात. अवघ्या तेरा गाण्यांचे काही क्रम असे यंत्र कधीही, अगदी कल्पांतापर्यंत, वाजवू शकणार नाही.

तेव्हा यंत्राचे पिसणे ‘खरोखर’ यादृच्छिक आहे काय, ह्या प्रश्नाचे काटेकोर उत्तर बहुधा नकारार्थीच येते. किरणोत्सर्गी अणूचा भंग किंवा विद्युन्मंडलातील उष्णतेमुळे होणारी खळबळ ह्यांसारख्या घटनांपासून यादृच्छिक संख्या मिळविता येतात, आणि अलीकडच्या अनेक संगणकांत अशा खळबळीचा उपयोग बीज निवडण्यासाठी केलेला असतो. गुप्तलेखनासाठी हे अत्यावश्यक आहे. गाण्यांच्या बाबतीत मात्र हा दोष सैद्धांतिकच समजावा. जे कोट्यवधी क्रम यंत्रास काढता येत नाहीत, त्यांची उणीव कोणाही श्रोत्याच्या कानास जाणवणे शक्य नाही. एकाच गायिकेची गाणी लागोपाठ लागण्याचे कारण येथे शोधणे व्यर्थ होय.

गुच्छ कोठून येतात

ते कारण शोधण्यासाठी यंत्राची गरजच नाही. तीन रंगांचे प्रत्येकी दोन, असे सहा मणी पिशवीत घालावेत आणि न पाहता एकेक काढून ओळीत मांडावेत. रंगांच्या एकंदर ९० मांडण्या संभवतात. त्यांपैकी ज्यांत एकाही रंगाचे दोन मणी शेजारी येत नाहीत अशा केवळ ३० आहेत. म्हणजे निष्पक्षपणे काढलेल्या दर तीन ओळींपैकी दोन ओळींत कोठे तरी जोडी पडणारच. मण्यांच्या जागी तीन गायकांची प्रत्येकी दोन गाणी कल्पिली, की तक्रारीचे मूळ हाती लागते.

यादी वाढविली म्हणजे हे अधिकच ठळक होते. चार गायकांची प्रत्येकी दहा, अशी चाळीस गाणी घ्यावीत. ओळीत लागोपाठच्या गाण्यांचे सांधे ३९ आहेत. कोणत्याही सांध्यावर पाहिले तरी पुढे येणारे गाणे उरलेल्या ३९ पैकी एक असते, आणि त्या ३९ मध्ये आधीच्याच गायकाची ९ असतात. म्हणून प्रत्येक सांध्यावर तोच गायक पुन्हा येण्याची संभाव्यता ३९ पैकी ९, आणि असे सांधे ३९. तेव्हा सरासरीने ९ ठिकाणी गायक बदलणार नाही. श्रोत्याची समजूत मात्र अशी असते की, चार गायक आहेत तर ते आळीपाळीने यावेत. आळीपाळी हा शिस्तीचा गुण आहे. यदृच्छेकडून त्याची अपेक्षा करणे म्हणजे वाऱ्याने पाचोळा सारख्या अंतरावर मांडावा असे म्हणण्यासारखे आहे.

मनुष्याच्या मनाची ही खोड शिक्षकांस सहज दाखविता येते. अर्ध्या वर्गाने नाणे दोनशे वेळा उडवून छापा-काटा लिहावा आणि उरलेल्या अर्ध्याने नाणे न उडविता, कल्पनेनेच तशी यादी करावी. खऱ्या नाणेफेकीत सहा छापे किंवा सहा काटे लागोपाठ येण्याची संभाव्यता ९६ टक्क्यांहून अधिक आहे. कल्पनेने यादी करणारा विद्यार्थी चौथ्या छाप्यालाच बिचकतो आणि काटा लिहून टाकतो. त्यामुळे दोन याद्यांतील खरी कोणती, हे बहुधा न चुकता ओळखता येते.

गाणी आणि नाणी ही करमणुकीची उदाहरणे झाली. ही खोड जिवावरच्या प्रसंगीही सुटत नाही. १९४४ च्या जूनपासून जर्मनीचे व्ही-१ नावाचे उडते बाँब लंडनवर पडू लागले. काही मोहल्ल्यांत ते पुन:पुन्हा पडत आणि काही भाग अजिबात वाचत; त्यामुळे शत्रू ठरावीक जागांवर नेम धरीत आहे, असा अनेकांचा समज झाला. हा समज खरा असता, तर सुरक्षित वाटणाऱ्या भागांत स्थलांतर करणे शहाणपणाचे ठरले असते. खोटा असता, तर ती धावपळ निरर्थक होती. आर. डी. क्लार्क ह्या विमागणितज्ञांनी १९४६ साली ह्याचा हिशेब प्रसिद्ध केला. दक्षिण लंडनचा १४४ चौरस किलोमीटरांचा प्रदेश त्यांनी पाव चौरस किलोमीटराच्या ५७६ चौकटींत विभागला. त्यांत ५३७ बाँब पडले होते. बाँब निव्वळ यदृच्छेने पडले असते तर किती चौकटींत किती पडावेत, हे फ्रेंच गणिती प्वासाँ ह्यांच्या सूत्रावरून काढता येते. त्या हिशेबाने सुमारे २२७ चौकटी कोऱ्या राहावयास हव्या होत्या. प्रत्यक्षात २२९ राहिल्या. एक बाँब पडलेल्या चौकटी २११ अपेक्षित होत्या. निघाल्याही २११ च. दोन बाँबांच्या ९९ अपेक्षित, ९३ आढळल्या. तीनांच्या ३१ अपेक्षित, ३५ आढळल्या. चारांच्या ७ अपेक्षित आणि ७ च आढळल्या. नकाशावरील गुच्छ नेम धरल्याचे चिन्ह नव्हते. नेमाचा अभाव असला म्हणजे गुच्छ पडतातच.

उपाय आणि त्याची किंमत

गाण्यांची साधने बनविणाऱ्यांना मात्र गणिताने श्रोत्यांचे समाधान करता येईना. ॲपल ह्या कंपनीने २००५ च्या जानेवारीत ‘आयपॉड शफल’ नावाचे, पडदा नसलेले एक चिमुकले यंत्र काढले. पिसून ऐकणे हाच त्याचा मुख्य डौल होता. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात कंपनीचे प्रमुख स्टीव्ह जॉब्ज ह्यांनी संगीताच्या आज्ञावलीत एक नवी सोय जाहीर केली. तीत एकाच गायकाची अथवा एकाच ध्वनिमुद्रिकेतील गाणी लागोपाठ येण्याचे प्रमाण श्रोत्यास कमी-अधिक करता येई. पिसणे अधिक यादृच्छिक वाटावे म्हणून ते कमी यादृच्छिक केले आहे, अशी त्याची मीमांसा त्यांनी मोकळेपणाने केली.

स्वीडनमध्ये स्थापन झालेल्या स्पॉटिफाय ह्या संगीतसेवेस हाच अनुभव आला. तिने आरंभी फिशर-येट्स रीत जशीच्या तशी वापरली होती. ती गणिती दृष्टीने निर्दोष असूनही तक्रारी थांबेनात. तेव्हा आपली रीत बदलल्याचे तिने २०१४ साली जाहीर केले. त्या नव्या रीतीत प्रत्येक गायकाची गाणी यादीभर साधारण सारख्या अंतरावर पसरली जात. एखाद्याची चार गाणी असली, तर ती यादीच्या एकेका चतुर्थांशाच्या अंतराने येत. आरंभाची जागा आणि मधली अंतरे मात्र थोडी थोडी यदृच्छेने हलविलेली असत, म्हणजे शिस्त उघडी पडू नये.

ह्यात फसवणूक झाली असे म्हणणे कठोरपणाचे होईल. श्रोत्यास यदृच्छा नको होती, वैविध्य हवे होते. शब्द तेवढा त्याने चुकीचा वापरला, आणि कंपन्यांनी शब्दापेक्षा इच्छेचा मान राखला. पण एक परिणाम नमूद करावयास हवा. रीत जोवर शुद्ध होती, तोवर ‘यंत्र पक्षपाती आहे’ ह्या आरोपास गणिताने उत्तर देता येत होते. एकदा क्रमात हेतुपुरस्सर हात घातला, की तो हात किती आणि कोणत्या हेतूने घातला आहे हे बाहेरून दिसत नाही. जो कारागीर श्रोत्याच्या सोयीसाठी गाणी दूर ठेवू शकतो, तो दुसऱ्या कोणाच्या सोयीसाठी ती जवळही आणू शकतो. (पिसण्यासच हरकत घेणारेही आहेत. ध्वनिमुद्रिकेतील गाण्यांचा क्रम विचारपूर्वक लावलेला असतो, असे सांगून अडेल ह्या इंग्रज गायिकेने केलेल्या विनंतीवरून स्पॉटिफायने २०२१ च्या नोव्हेंबरात ध्वनिमुद्रिकांच्या पानावरील मुख्य कळीतून शफल काढून टाकले.)

आज्ञावली बंद पेटीत असली तरी तिची परीक्षा बाहेरून घेता येते, आणि ती शाळेच्या ग्रंथालयातही होण्यासारखी आहे. वर सांगितल्याप्रमाणे चार गायकांची प्रत्येकी दहा, अशी चाळीस गाण्यांची यादी करावी. ती शफलवर लावून गाणी ऐकण्याऐवजी केवळ गायकांचा क्रम वहीत उतरावा, आणि गायक न बदललेले सांधे मोजावेत. निष्पक्ष पिसण्यात ही संख्या बहुतेक वेळा ४ ते १४ ह्यांच्या दरम्यान पडते. एका यादीवरून काहीच सिद्ध होत नाही. म्हणून दर वेळी नव्याने पिसून अशा दहा ओळी उतराव्यात आणि सांध्यांची सरासरी काढावी. ती ७ ते ११ च्या आत राहिली, तर यंत्रावर संशय घेण्यास आधार नाही. ती एक-दोनांवर आली, तर गाणी मुद्दाम दूर ठेवली जात आहेत. आणि पंधराच्या पुढे गेली, तर ती मुद्दाम किंवा चुकीने एकत्र आणली जात आहेत. कोणते गाणे प्रथम लागले हेही त्याच वहीत निराळ्या रकान्यात लिहीत गेल्यास ‘आवडत्या’ गाण्यांचा संशयही तपासता येतो. पण त्यासाठी दहा ओळी पुरत नाहीत, काही शेकडा लागतात, आणि ते काम वर्गातील सर्वांनी वाटून घ्यावे.